कॉन्टेसाचा जीर्णोद्धार

हिंदुस्तान मोटर्सची कॉन्टेसा ही चार दारांची मोठी सलून मोटारगाडी. हौशी मंडळी तिला ‘भारतीय मसल कार’ म्हणतात. मोडकळीस आलेली अशी गाडी पुन्हा धावती करणे आणि जमल्यास तिला मालकाच्या आवडीचे रूप देणे, या उद्योगाची ही नोंद मुख्यतः मुंबईतील वांद्रे व त्याच्या शेजारच्या कुर्ल्याच्या संदर्भात आहे.

‘मसल कार’ ही बिरुदावली काहीशी उदार मनाने दिलेली आहे. १९६४ च्या पॉन्टिअॅक जीटीओचे व्ही-८ इंजिन ३२५ अश्वशक्तीचे होते. १९८४ मध्ये पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथून निघालेल्या कॉन्टेसात अॅम्बॅसॅडरचेच १४८९ घनसेंटिमीटरचे, जेमतेम ५० अश्वशक्तीचे इंजिन होते. साचे ब्रिटिश व्हॉक्सहॉल कंपनीच्या बंद पडलेल्या मॉडेलचे. लांबलचक बॉनेट, मागची चाके गाडी ढकलणारी, रुंद बैठक: बाहू दिसत होते, बळ नव्हते. ते आले इसुझू कंपनीच्या १.८ लिटर इंजिनासोबत आणि पाच गिअरांसोबत. २००२ च्या सुमारास उत्पादन थांबले.

या गाडीला वेगळी चासी नाही. पत्र्याचे अंगच भार पेलते. त्यामुळे गंज हा इथे केवळ रूपाचा प्रश्न राहत नाही. पाली, चिंबई, चॅपेल रोड अशा पश्चिम वांद्र्याच्या भागांत समुद्र हाकेवर, गल्ल्या अरुंद, गॅरेज क्वचितच. गाडी वर्षानुवर्षे ताडपत्रीखाली उभी. ताडपत्री पाऊस अडवते, पण दमटपणा आत कोंडते. सगळ्यात आधी जातात पायदानाखालचा पत्रा, दारांच्या खालच्या कडा, डिकीचा तळ आणि चाकांवरच्या कमानी. विकणारा पुष्कळदा लांबी भरून वर चकचकीत रंग मारतो. म्हणून जाणकार खिशात लोहचुंबक ठेवतात. जाड लांबीवर तो चिकटत नाही. कुजलेला पत्रा कापून नवा वेल्ड करणे हाच उपाय, आणि तो रंगकामाआधी करायचा. घाईचे मालक नेमका हा क्रम उलटा करतात. दोन पावसाळ्यांत रंगाखाली फोड येतात.

इंजिनाची चिंता त्या मानाने कमी. दोन्ही पेट्रोल इंजिने अॅम्बॅसॅडरमध्येही बसवली जात, आणि ती गाडी २०१४ पर्यंत बनत होती. रिबोअर करून नवे पिस्टन घालणे, कार्बोरेटर उघडून साफ करणे, ही कामे जुना मिस्त्री डोळे मिटून करतो. खरी दमछाक होते ती काचा, दिवे, दारांची रबरे, पट्ट्या आणि बिल्ल्यांसाठी. कालिना-कुर्ल्याचा सीएसटी रोड, म्हणजे मोडीत निघालेल्या गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार, वांद्रे-कुर्ला संकुलाला लागूनच आहे. काचेच्या मनोऱ्यांपासून थोड्याच अंतरावर कॉन्टेसाचे दार शोधत हिंडणे हा या छंदाचा सर्वांत चवदार भाग म्हणावा लागेल.

सजावटीला कायद्याची मर्यादा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीचा तपशील नोंदणीपुस्तकाशी जुळेनासा होईल असा बदल मनमानीने करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही याला दुजोरा दिला. म्हणजे परदेशी व्ही-८ कोंबण्याचे स्वप्न बहुधा कागदावरच राहते. रुंद मिश्रधातूची चाके, नवी गादी, काळा रंग यांवर भागवावे लागते, आणि रंग बदलला तरी त्याची नोंद आरटीओत करावी लागते. वांद्र्याकरिता ते कार्यालय अंधेरीचे, एमएच ०२.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनी ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी दिली. शुल्क २०,००० रुपये, आणि रोजच्या वापराला मनाई. कॉन्टेसाला ही पाटी २०३४ च्या आधी मिळणार नाही. तोवर तिला १५ वर्षे उलटलेल्या कोणत्याही गाडीप्रमाणे पुनर्नोंदणीसाठी तपासणीच्या रांगेत उभे राहावे लागते.