होमब्रू कॉम्प्युटर क्लबच्या बैठका

होमब्रू कॉम्प्युटर क्लबची पहिली बैठक ५ मार्च १९७५ रोजी, बुधवारी संध्याकाळी, कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये भरली. बाहेर पाऊस होता, तरी ३२ जण आले. निमित्त होते 'अल्टेअर ८८००' या संगणकाचे. अल्बुकर्कीच्या 'मिट्स' कंपनीचे हे यंत्र 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' मासिकाच्या जानेवारी अंकाच्या मुखपृष्ठावर झळकले होते. सुट्या भागांचा संच ४०० डॉलरच्या आत मिळे; जोडणी ज्याची त्याने करायची. कळफलक नाही, पडदा नाही. समोरचे खटके वर-खाली करून आज्ञा द्यायच्या आणि दिव्यांच्या उघडझापीवरून उत्तर ओळखायचे. मूळ संचाची मेमरी अवघी २५६ बाइट. घरी एकट्याने हे जोडू पाहणारा कुठेतरी अडणारच, आणि तेव्हा विचारायला कोणी हवे, या गरजेतून क्लब उभा राहिला.

क्लबचे एक संस्थापक फ्रेंच; दुसरे संस्थापक फ्रेड मूर यांचा पिंड कार्यकर्त्याचा होता. बर्कली विद्यापीठातील सक्तीच्या लष्करी शिक्षणाविरुद्ध त्यांनी १९५९ मध्ये उपोषण केले होते. कोणाला काय येते, कोणाकडे काय आहे याची देवाणघेवाण व्हावी, हा त्यांचा आग्रह. क्लबचे पहिले वार्तापत्रही त्यांनीच काढले.

बैठका पंधरवड्याने होत. एप्रिलमध्ये सभासद स्टीव्ह डॉम्पियर यांनी अल्टेअरशेजारी एक साधा रेडिओ ठेवला आणि खटक्यांनी एकेक आज्ञा भरली. कोणाचा तरी पाय वायरीत अडकला, वीज गेली, सारे पुन्हा भरावे लागले. मग यंत्रातून निघणाऱ्या रेडिओलहरींच्या खरखरीतून बीटल्सच्या गाण्याची धून वाजू लागली. संगणकाचा उपयोग काय, या प्रश्नाला तोवर मिळालेले हे सर्वात करमणुकीचे उत्तर होते.

गर्दी वाढली तशी बैठक स्टॅनफर्डच्या रेखीय त्वरक केंद्राच्या सभागृहात गेली. सूत्रसंचालन सभासद ली फेल्सेन्स्टाइन यांच्याकडे आले आणि बैठकीला तिची घडी मिळाली. आधी ज्याने त्याने हात वर करून आपली अडचण, नवी बातमी किंवा ऐकीव वावडी सांगायची. त्या विषयातला जाणकार कोण, हे फेल्सेन्स्टाइन सर्वांसमोर विचारून घेत. मग खुर्च्या सोडून हव्या त्या माणसाला गाठायचे. पहिल्या भागापेक्षा या दुसऱ्या भागातच क्लबचे खरे काम होई. नंतर बरेच जण जवळच्या 'ओएसिस' नावाच्या बिअरच्या अड्ड्यावर जमत आणि गप्पा पुढे चालू राहत.

ह्युलेट-पॅकार्डमध्ये नोकरी करणारे स्टीव्ह वॉझ्नियाक पहिल्याच बैठकीला आले होते. त्यांनी पुढे स्वतःचा संगणक आखला आणि त्याच्या आराखड्याच्या प्रती क्लबात फुकट वाटल्या. त्याचा धंदा करावा, ही स्टीव्ह जॉब्स यांची कल्पना. १ एप्रिल १९७६ रोजी ॲपल स्थापन झाली, आणि क्लबात येणाऱ्या पॉल टेरेल यांच्या 'बाइट शॉप'ने पहिले ५० संगणक मागवले.

फुकट देण्याच्या या रीतीला आव्हानही लवकरच मिळाले. मायक्रोसॉफ्टने अल्टेअरसाठी लिहिलेल्या 'बेसिक' या संगणकभाषेची कागदी फीत सभासदांच्या हाती लागली आणि तिच्या प्रती वाटल्या गेल्या. फेब्रुवारी १९७६ मध्ये बिल गेट्स यांनी हौशी संगणककारांना उघड पत्र लिहिले. अल्टेअर बाळगणाऱ्यांपैकी दहा टक्क्यांहून कमी लोकांनी बेसिक विकत घेतले, बाकीच्यांनी चोरले, असा त्यांचा आरोप होता. तो बिनबुडाचा नव्हता.  त्याच सुमारास फुकट वा नाममात्र किमतीची 'टायनी बेसिक' ही छोटी आवृत्ती अनेकांनी आपापल्या परीने लिहून काढली.

ॲपलखेरीज प्रोसेसर टेक्नॉलॉजी, क्रोमेम्को अशा कंपन्याही याच वर्तुळातून निघाल्या. तमिळनाडूत बालपण घालवलेले ॲडम ऑस्बर्न आधी येथे आपली पुस्तके विकत. १९८१ मध्ये त्यांनी फेल्सेन्स्टाइन यांनी आखलेला, उचलून नेता येणारा संगणक बाजारात आणला. मात्र सभासद एकमेकांचे स्पर्धक झाल्यावर पूर्वीचा मोकळेपणा टिकणे अवघड होते, आणि तयार संगणक दुकानात मिळू लागल्यावर जोडणीतल्या अडचणीही उरल्या नाहीत. क्लबची शेवटची बैठक डिसेंबर १९८६ मध्ये झाली.