केंद्र (संज्ञेचा इतिहास)

केंद्र : इंग्रजी ‘सेंटर’ या शब्दाचा मराठी प्रतिशब्द म्हणून रूढ असलेली संज्ञा. वस्तुतः हे दोन्ही शब्द ‘केंट्रॉन’ या एकाच ग्रीक शब्दापासून आलेले आहेत. त्याचा मूळ अर्थ पराणी किंवा टोकदार अणी असा होता. वर्तुळ काढताना कंपासाचे जे टोक एका जागी रोवले जाते, त्यावरून वर्तुळाचा मध्यबिंदू हा अर्थ त्यास प्राप्त झाला. लॅटिन ‘सेंट्रम’ व त्यापासून झालेला फ्रेंच शब्द यांच्याद्वारे तो चौदाव्या शतकात इंग्रजीत आला.

संस्कृतमध्ये तो त्यापूर्वी कित्येक शतके, ग्रीक फलज्योतिषाच्या परिचयातून आला. जन्मकुंडलीतील १, ४, ७ व १० या स्थानांस ग्रीकांप्रमाणेच भारतीय ज्योतिषीही केंद्रे म्हणतात. पणफर, आपोक्लिम, जामित्र व होरा या संज्ञाही ग्रीकच होत. यांपैकी ‘जामित्र’ आणि इंग्रजी ‘डायामीटर’, तसेच ‘होरा’ आणि इंग्रजी ‘अवर’ (तास) यांचे मूळ एकच आहे. ‘अहोरात्र’ शब्दातील आद्य व अंत्य अक्षरे गळून ‘होरा’ शब्द झाला, असे एक मत वराहमिहिराने (सहावे शतक) नोंदविले आहे. तथापि या शास्त्रातील प्रावीण्यामुळे यवनही ऋषींप्रमाणे पूज्य ठरतात, असे त्यानेच म्हटले आहे.

गणित ज्योतिषात या संज्ञेस भारतीयांनी निराळा पारिभाषिक अर्थ दिला. भास्कराचार्यांच्या सिद्धांतशिरोमणी (११५०) या ग्रंथात मध्यम ग्रह व त्याचे मंदोच्च यांतील कोनात्मक अंतरास मंदकेंद्र, तर शीघ्रोच्च व ग्रह यांतील अंतरास शीघ्रकेंद्र म्हटले आहे. ग्रहाचे स्पष्ट स्थान काढण्यासाठी ही दोन्ही लागतात.

या ग्रंथाच्या अध्यापनाची परंपरा खानदेशात होती. जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळच्या पाटणे येथील शके ११२८ च्या शिलालेखात तिची नोंद आहे. भास्कराचार्यांचा नातू व यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी चांगदेव याने तेथे मठ स्थापन केला. सिद्धांतशिरोमणी व भास्करकुलातील इतर ग्रंथ तेथे शिकविले जावेत, हा त्याचा उद्देश होता. खानदेशातील निकुंभ वंशीय सोइदेव याने मठास दान दिले. हा लेख भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये प्रसिद्ध केला.

आधुनिक मराठीत ‘वर्तुळकेंद्र’, ‘केंद्र शासन’ इ. शब्दप्रयोगांत मध्यबिंदू हा अर्थच प्रधान झाला आहे. अर्थात ‘सेंटर’साठी ‘केंद्र’ योजिताना मराठीने परक्या शब्दाच्या जागी देशी शब्द आणला असे नसून, त्याच ग्रीक शब्दाचे भारतात आधीच रुळलेले रूप स्वीकारले आहे.