ऐन उमेदीतला मल्ल : तुलनेचे माप कोणते?

आमच्या चंद्रपुरात चहाच्या दुकानी किंवा लग्नाच्या मांडवात मल्लांचा विषय निघाला, की दोन पिढ्यांचे भांडण हटकून जुंपते. आजोबांना गामापुढे सारे जग थिटे वाटते. मधल्या पिढीला मुहम्मद अलीचा ठोसा आठवतो. नातवाला या दोघांविषयी आदर असतो. पण आजचा खुराक आणि आजची तालीम मिळालेला गडी त्यांना सहज भारी पडेल, अशी त्याची खात्री असते. शेवटी कोणी तरी म्हणतो, "दोघेही ऐन उमेदीत असताना समोरासमोर आले असते तर?" आणि वाद तेथेच अडतो. त्या 'तर'चे उत्तर देण्याचा आव आम्ही आणणार नाही. मात्र अशी तुलना करावयाची झाल्यास माप कोणते घ्यावे, याचा इतिहासाच्या आधाराने थोडा विचार करणार आहोत.

माप शोधण्यासाठी आम्हांस फार दूर जावे लागत नाही. आलापल्लीच्या रानात वनरक्षकाला झाड मोजताना ज्याने पाहिले असेल, त्याला ते ठाऊक आहे. वनरक्षक मन मानेल तेथे फीत लावीत नाही. जमिनीपासून साडेचार फुटांवर, म्हणजे छातीच्या उंचीवर, तो खोडाचा घेर घेतो. सगळ्या झाडांना एकच खूण, म्हणून दोन झाडांची तुलना होऊ शकते. परंतु जाणता वनाधिकारी एवढ्यावर थांबत नाही. तो झाडाचे वय विचारतो आणि जमिनीची प्रत पाहतो. एकाच वयाचा साग खोल, निचऱ्याच्या मातीत उंच जातो आणि मुरमाड टेकडीवर खुजा राहतो. म्हणून टेकडीवरच्या सागाला कोणी आळशी म्हणत नाही. मल्लाच्या बाबतीतही खूण, वय आणि जमीन ही तिन्ही पाहिली पाहिजेत. वादाच्या भरात आपण बहुधा पहिलीवरच थांबतो.

प्रथम मुष्टियुद्धाकडे पाहू. अमेरिकेचा जो लुईस १९३७ पासून १९४९ पर्यंत जगज्जेता होता आणि त्याने आपले पद २५ वेळा राखले. रॉकी मार्सियानो १९५२ च्या सप्टेंबरात जगज्जेता झाला आणि १९५६ साली, ४९ पैकी ४९ लढती जिंकून, निवृत्त झाला. या दोघांची गाठ खरोखरीच पडली होती. २६ ऑक्टोबर १९५१ रोजी न्यूयॉर्क येथे मार्सियानोने आठव्या फेरीत लुईसला पाडले. मग प्रश्न सुटला म्हणावा काय? त्या दिवशी मार्सियानो २८ वर्षांचा होता आणि लुईस ३७ वर्षांचा. एकदा निवृत्त झालेला लुईस सरकारी कराच्या देण्यापायी पुन्हा रिंगणात उतरला होता. खूण सांगते की मार्सियानो जिंकला. वय विचारले, की ती खूण पुसट होते.

मुहम्मद अलीची गोष्ट याहून वेगळी. १९६४ साली, वयाच्या २२ व्या वर्षी, तो जगज्जेता झाला. १९६७ मध्ये व्हिएतनामच्या युद्धासाठी सैन्यात जाण्यास त्याने नकार दिला. त्याचे पद गेले, लढण्याचा परवानाही गेला. १९७० च्या ऑक्टोबरपर्यंत त्याला रिंगणात उतरता आले नाही. म्हणजे पंचवीस ते अठ्ठावीस ही वर्षे, जी मुष्टियोद्ध्याच्या आयुष्यात सोन्याची म्हणावी, ती रिंगणाबाहेर गेली. १९७४ साली किन्शासा येथे जॉर्ज फोरमनला हरविणारा अली ३२ वर्षांचा होता. ऐन उमेदीतला अली जगाने पुरता पाहिलाच नाही.

हा घोळ यंत्राकडून सोडवून घेण्याचाही एक प्रयत्न झाला. १९६९ साली अली आणि मार्सियानो यांना एकत्र आणून लुटुपुटीच्या अनेक फेऱ्यांचे चित्रण केले गेले आणि दोघांच्या कारकिर्दीची माहिती संगणकाला पुरवून निकाल मागण्यात आला. १९७० च्या जानेवारीत अमेरिकेत दाखविलेल्या चित्रपटात तेराव्या फेरीत अली पडला. तो निकाल पाहावयास मार्सियानो नव्हता. ३१ ऑगस्ट १९६९ रोजी विमान-अपघातात तो मरण पावला होता. यंत्राला झालेल्या लढतींची माहिती देता आली. अलीच्या न झालेल्या लढतींची कोठून देणार?

आता आपल्या आखाड्याकडे येऊ. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये गामा आणि पोलंडचा झिबिस्को यांची कुस्ती झाली. अडीच तासांहून अधिक वेळ ती चालली. झिबिस्को बराच काळ गादीला चिकटून राहिला आणि कुस्ती निकालाविना सुटली. आठवड्याने पुन्हा गाठ ठरली, तेव्हा तो आलाच नाही. पुढे १९२८ च्या जानेवारीत पतियाळ्याला हेच दोघे पुन्हा भिडले आणि एका मिनिटाच्या आत गामाने त्याला चीत केले. माणसे तीच, वये दोघांचीही पन्नाशीकडे झुकलेली, म्हणजे काळाने दोघांनाही सारखेच मागे ओढलेले. एकदा अडीच तास पुरले नाहीत, एकदा एक मिनिटही लागले नाही. लंडनला गामा परक्या गादीवर, परक्या नियमांनी लढला. पतियाळ्याला आपल्या मुलखात, आपल्या माणसांसमोर. जमिनीचा प्रश्न येथे येतो.

हा प्रश्न आम्हां महाराष्ट्रीयांना सर्वांत अधिक भिडावा तो खाशाबा जाधवांच्या बाबतीत. १५ जानेवारी १९२६ रोजी कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावी जन्मलेले खाशाबा तांबड्या मातीत वाढले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते गादीवर उतरले आणि ५२ किलो गटात सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला जावयाचे, तर पैसा नव्हता. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. तेथे ५७ किलो गटात जपानच्या इशीशी त्यांची झुंज दीर्घ चालली आणि ते हरले. लागलीच त्यांना सोव्हिएत मल्ल मामेदबेकोव याच्याशी लढण्यास बोलावले गेले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाच्या विसाव्याचा नियम होता. पण तो बजावून सांगणारा एकही हिंदी अधिकारी तेथे हजर नव्हता. थकलेले खाशाबा हरले आणि कांस्यपदक घेऊन परतले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते.

विसावा मिळता तर निकाल फिरला असता, असे आम्ही म्हणत नाही. ते पुन्हा 'तर' झाले. परंतु विसावा मिळाला नाही, ही घटना आहे. घर गहाण पडले, ही घटना आहे. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवून ते कर्ज फेडले, हीही घटना आहे. वयाच्या सव्विसाव्या वर्षी, ऐन भरात, हा मल्ल कर्ज फेडण्यात गुंतला होता. १९५६ च्या ऑलिंपिकला गुडघ्याच्या दुखापतीमुळे त्यांना जाता आले नाही. त्यानंतर कुस्तीत भारताला ऑलिंपिक पदक मिळाले ते २००८ साली, तब्बल ५६ वर्षांनी. मधल्या काळात या देशात बळकट शरीरे जन्मास आलीच नाहीत, असे कोण म्हणेल?

म्हणून आमचे मत असे आहे, की ऐन उमेद ही केवळ शरीराची अवस्था नव्हे. शरीर, तालीम आणि संधी यांची गाठ ज्या थोड्या वर्षांत पडते, ती वर्षे म्हणजे उमेद. न झालेल्या लढतीचा निकाल इतिहासाला सांगता येत नाही. पण कोणाला काय मिळाले आणि कोणाचे काय हुकले, हे तो निश्चित सांगू शकतो.

हा हिशेब आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या दारापर्यंत येऊन पोचतो. २०१८ च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातील आदिवासी आश्रमशाळांच्या पाच विद्यार्थ्यांनी एव्हरेस्टचे शिखर गाठले. रानावनात, डोंगरात चालणारी मुले या मुलखात त्याच वर्षी जन्मली नव्हती. त्यांचे आजे-पणजेही तसेच चालत होते. त्या वर्षी कोणी तरी त्यांची निवड केली, त्यांना शिकविले आणि खर्चाचा भार उचलला. त्या आजे-पणज्यांतील किती जण ऐन उमेदीत होते आणि ते कोणाला कळलेही नाही, याची मोजदाद कोणत्याही वहीत सापडणार नाही.

तेव्हा मांडवात पुन्हा वाद जुंपला, तर आजोबांनी आणि नातवाने तो खुशाल घालावा. त्यात मौज आहे. फक्त कोण जिंकला हे सांगून झाल्यावर त्याचे वय काय होते हे विचारावे, आणि शेवटी तो कोणत्या जमिनीवर उभा होता, तेही विचारावे.