सैन्यांतून निवृत्त झालेल्या रायफली

सैन्यांत नवें शस्त्र आलें कीं जुन्याचें काय होतें, हा प्रश्न शाळेच्या इतिहासांत सहसा येत नाहीं. लढायांच्या सनावळ्या आपण पाठ करतों. परंतु ज्या रायफलींनीं त्या लढाया झाल्या त्या पुढें कोणाच्या हातीं गेल्या, हें पाहूं लागलें म्हणजे बराच बोध होतो. उदाहरण अमेरिकेचें घेतों. सरकारनें टाकलेली रायफल सामान्य गृहस्थानें अल्प किंमतींत घ्यावी, रविवारीं तिनें लक्ष्यवेध करावा व हंगामांत हरिण मारून आणावें, ही रीत त्या देशांत चांगलीच रुजली.

१८९२ सालीं अमेरिकन सैन्यानें नॉर्वेच्या क्राग-योर्गेन्सन पद्धतीची रायफल पसंत केली. तिचा बोल्ट फार सुळसुळीत चाले. पण काडतुसें एकेक करून भरावीं लागत. १८९८ मध्यें क्यूबांत स्पेनशीं गांठ पडली तेव्हां शत्रूच्या हातीं जर्मन माउझर होती. तींत पांच काडतुसें एका दमांत भरतां येत. हा धडा अमेरिकेनें मुकाट्यानें घेतला. १९०३ ची स्प्रिंगफील्ड रायफल माउझरशीं इतकी मिळतीजुळती निघाली कीं तिच्यासाठीं माउझर कंपनीस पैसे मोजावे लागले. मागें उरलेल्या क्राग रायफली पुढें निशाणबाजीच्या मंडळांतील सभासदांस स्वस्तांत मिळूं लागल्या. नागरिकांच्या नेमबाजीसाठीं १९१६ सालीं सरकारनें स्वतंत्र अधिकारीच नेमला. युद्धापूर्वींच तरुणांस नेम धरतां यावा, हा त्यांतील हेतु. जुन्या मालाची विल्हेवाट आयती लागली, हाहि लाभ कांहीं लहान नव्हे!

दुसऱ्या महायुद्धानंतर तर युरोपांतील कोठारें रिकामीं होऊं लागलीं. इंग्रजांच्या ली-एन्फील्ड, जर्मनांच्या माउझर, इटलीच्या कार्कानो रायफली अमेरिकेंत टपालानें घरपोंच मिळूं लागल्या. अशीच एक कार्कानो, दुर्बीण जोडलेली, १९ डॉलर ९५ सेंट किंमतीची, खोट्या नांवानें मागविली गेली, आणि २२ नोव्हेंबर १९६३ रोजीं डलास येथें तिनेंच अध्यक्ष केनेडी यांचा प्राण घेतला. १९६८ च्या कायद्यानें टपालाची विक्री व परदेशी लष्करी मालाची आयात या दोहोंस आळा बसला. पुढें १९८४ मध्यें जुन्या संग्राह्य शस्त्रांपुरतें आयातीचें दार पुन्हां किलकिलें झालें.

आतां, अशी रायफल निवडावी कशी? स्वस्ताईच्या मोहांत पडणाऱ्यास स्प्रिंगफील्डची हकीकत ऐकविली पाहिजे. बोल्ट ज्यांत बसतो तो पोलादी सांगाडा भट्टींत तापवितांना जुने कारागीर केवळ रंगावरून उष्णतेचा अंदाज करीत. लख्ख उन्हांत तापलें पोलाद डोळ्यांस कमी तापलेलें दिसे. मग तें आणखी तापे व ठिसूळ होई. १९१७ मध्यें कांहीं रायफली हातांत फुटल्या तेव्हां हें उघडकीस आलें. म्हणून त्या कारखान्याच्या ८,००,००० च्या आंतील क्रमांकाच्या रायफली जाणते लोक भिंतीवर टांगतात. त्यांतून बार काढीत नाहींत. तद्वत् क्रागच्या बोल्टाला पुढें धरणारा दांत एकच. तिच्यांत जोरकस काडतूस भरणें हा अविचार होय. बोल्टावरचा व सांगाड्यावरचा क्रमांक एक आहे कीं नाहीं हें पाहावें, आणि काडतूस बसण्याच्या जागेचें माप बंदुकीच्या कारागिराकडून तपासून घ्यावें. दस्ता उजळ व नवा असला म्हणजे रायफल चांगली, ही समजूत सोडावी.

शिकाऱ्यास आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी लागते. सैन्याची गोळी पूर्ण कवचाची असते. ती जनावराच्या अंगांतून आरपार जाते आणि बिचारें जखमी होऊन रानांत तडफडत मरतें. शिकारीस मऊ अग्राची, आंत पसरणारी गोळीच हवी. अशा गोळीला जगानें दिलेलें नांव आपल्याच देशांतलें आहे. कलकत्त्याजवळील डमडमच्या शस्त्रागारांत गेल्या शतकाच्या मागील शतकाअखेर ती तयार झाली, आणि १८९९ च्या हेग परिषदेनें युद्धांत तिला बंदी केली. माणसास वर्ज्य ठरलेली गोळी हरिणास मात्र दयेची ठरावी, असा हा विलक्षण न्याय आहे.

आपल्याकडे हा व्यवहार कधींच फोफावला नाहीं. सैन्याचें काडतूस प्रजेच्या हातीं पडूं नये म्हणून इंग्रज सरकारनें ३०३ बोअर खाजगी माणसांस बंद केला, व ३१५ बोअरची रायफल शिकाऱ्यांत रूढ झाली. तिचें काडतूस मूळचें ऑस्ट्रियाच्या सैन्याचें. बांधणी मात्र ली-एन्फील्डचीच. स्वातंत्र्यानंतर ईशापूरच्या सरकारी कारखान्यानेंहि ती बनविली. शिकारीचा प्रश्न तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेंच निकालांत काढला.

नळी कशी पारखावी हें सांगावयाचें राहिलें. बोल्ट काढून नळी उजेडाकडे धरावी. आंतील पीळ स्पष्ट, कडा धारदार दिसल्या पाहिजेत. काळे खड्डे दिसले तर तो जुन्या टोप्यांतील क्षाराचा प्रताप समजावा. हा क्षार हवेंतील ओल शोषून पोलाद खातो, आणि तेलांत तो विरघळत नाहीं. यासाठींच इंग्रज शिपाई गोळीबारानंतर नळींत नरसाळ्यानें कढत पाणी ओतीत, ती कोरडी पुसून काढीत आणि मगच तेलाचा बोळा फिरवीत.