बटणांचा स्मार्टफोन मागास होता काय?

'बटणांचा स्मार्टफोन कालबाह्य झाला, टचस्क्रीन हीच प्रगती' असे आज सर्रास गृहीत धरले जाते. आम्हाला हे मान्य नाही. जो हरला तो मागासच होता, हा इतिहास जिंकणाऱ्यांचा असतो. तो तपासून घेतला पाहिजे.

कॅनडातील वॉटर्लू शहरातल्या रिसर्च इन मोशन या कंपनीने १९९९ साली ब्लॅकबेरी ८५० आणला. तो ईमेल पाठवणारा पेजर होता, पण दोन्ही अंगठ्यांनी लिहिता येईल असा छोटा कळफलक त्याला होता. पुढे तोच फोनवर आला. कळेचा उंचवटा बोटाला कळतो, ती दाबली गेल्याचे बोटच सांगते आणि नजर मजकुरावर राहते. सपाट काचेवर ही खूण नाही. तिथे यंत्र अंदाजाने आपले शब्द दुरुस्त करते आणि कधी अर्थच बदलून टाकते. ज्याला रोज लांब मजकूर लिहायचा आहे, त्याची बटणांची आवड म्हणजे जुनाटपणा नव्हे.

९ जानेवारी २००७ रोजी आयफोन सादर करताना स्टीव्ह जॉब्स यांनी ब्लॅकबेरी, पाम ट्रिओ, मोटो क्यू आणि नोकिया ई६२ यांच्यावर टीका केली. बटणे गरज नसतानाही जागा अडवतात आणि नंतर बदलता येत नाहीत, हा त्यांचा मुद्दा. तो खरा होता, पण अर्धाच. २००८ साली आलेल्या पहिल्या अँड्रॉइड फोनला, एचटीसी ड्रीमला, टचस्क्रीनही होता आणि सरकवून उघडणारा कळफलकही. म्हणजे दोन्ही एकत्र नांदू शकत होते.

मग बटणे गेली कशी? व्हिडिओ आणि ॲपसाठी मोठा पडदा हवा झाला. कंपन्यांनाही सगळ्या भाषांसाठी एकच काच परवडते. बटणे मात्र भाषेनुसार वेगळी छापावी लागतात. आणि कळफलकाला कुंपण घातले ते खुद्द कळफलकवाल्यांनीच! आयफोनला जोडायचा टायपो नावाचा कळफलक बाजारात आला, तेव्हा ब्लॅकबेरीने पेटंटचा दावा लावला आणि २०१४ मध्ये अमेरिकेतील न्यायालयाकडून त्याची विक्री रोखवली.

आता आपल्या भाषेचे पाहू. आपल्याकडे विकल्या गेलेल्या ब्लॅकबेरीच्या कळांवर रोमन अक्षरे होती. मराठी लिहायची तर आधी रोमनच्या दारात उभे राहायचे! टचस्क्रीनने देवनागरी कळफलक थेट समोर आणला, हे श्रेय आम्ही नाकारत नाही. पण सुरुवातीच्या कित्येक अँड्रॉइड फोनवर जोडाक्षरे फुटूनच दिसत. उलट साध्या नोकियाच्या अंकी बटणांवर देवनागरी अक्षरे छापलेली मिळत. म्हणजे दोष बटणांचा नव्हता. कोणाची भाषा गृहीत धरून वस्तू बनते, हा खरा प्रश्न होता.

२०१६ साली ब्लॅकबेरीने स्वतः फोन बनवणे थांबवले. ४ जानेवारी २०२२ रोजी तिच्या जुन्या फोनच्या सेवाही बंद झाल्या. आज मोजक्या छोट्या कंपन्याच कळफलकाचे फोन बनवतात.

मित्रांनो, सगळ्यांनी बटणांकडे परतावे असे आमचे म्हणणे नाही. पण 'लोकांनीच नाकारले' असे कोणी सांगितले, तर विचारा : लोकांसमोर पर्याय ठेवला होता काय, आणि तो त्यांच्या लिपीत होता काय?