एदोची ठसेचित्रे : संग्रहाचा आणि रंगांचा इतिहास

एदो, म्हणजे आजचे तोक्यो, या शहरात सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लाकडी ठशांवरून छापलेली जी चित्रे विकली जाऊ लागली, ती कोणी पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवावीत अशा हेतूने काढलेली नव्हती. ‘उकियो-ए’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या चित्रांत काबुकी रंगभूमीवरील नट, नामांकित गणिका, सुमो मल्ल आणि पुढे प्रवासमार्गांवरील देखावे असत. नवे नाटक लागले की जुन्या नटचित्राची मागणी ओसरे आणि साध्या चित्राला शेवयांच्या एका वाडग्याइतकेच दाम पडे. आजचा संग्राहक ज्या दुर्मिळतेचे मोल मोजतो ती जन्मजात नाही. हाताळणी, ऊन, कसर आणि खुद्द संग्राहकांची निवड यांतून ती मागाहून निर्माण झाली आहे, आणि त्यामुळे या छंदाचा इतिहास मुख्यतः रंग टिकण्याचा आणि उडण्याचा इतिहास आहे.

चित्रकाराचे नाव पुढे आले, तरी चित्र हे चौघांचे काम होते. भांडवल घालणारा प्रकाशक विषय ठरवी, चित्रकार पातळ कागदावर रेखाटन करी, कोरणारा कारागीर ते रेखाटन रानचेरीच्या फळीवर उलटे चिकटवून रेषा तेवढ्या उठावात ठेवी, आणि छापणारा कारागीर ठशावर रंग लावून त्यावर ओलसर कागद ठेवी व बांबूच्या सोपटात गुंडाळलेल्या ‘बारेन’ नावाच्या चकतीने तो पाठीमागून घासी. १७६५ च्या सुमारास सुझुकी हारुनोबूच्या चित्रांपासून प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा वापरून पूर्ण रंगीत छपाई रूढ झाली. सर्व ठसे एकाच जागी बसावेत म्हणून फळीच्या कोपऱ्यात आणि कडेला ‘केंतो’ नावाच्या खाचा कोरलेल्या असत. छपाई वाढत गेली की फळीवरच्या बारीक रेषा झिजत व तुटत, त्यामुळे एकाच चित्राच्या आधीच्या आणि नंतरच्या प्रती सारख्या राहत नसत. होकुसाईच्या १८३१ च्या सुमारास निघालेल्या प्रसिद्ध लाटेच्या चित्रात शीर्षकाभोवतीच्या चौकटीची रेषा अखंड आहे की तुटलेली, हे जाणकार आधी पाहतो, आणि मग आकाशातील फिकट गुलाबी ढगांचा मागमूस उरला आहे का ते शोधतो.

ते ढग बहुतेक प्रतींत दिसत नाहीत, याचे कारण रंगद्रव्यांत आहे. करडईच्या फुलांचा तांबडा आणि ‘त्सुयुकुसा’ या रानफुलाचा निळा हे दोन्ही वनस्पतिजन्य रंग उजेडात झपाट्याने उडतात. त्यांच्या मिश्रणातून केलेला जांभळा तपकिरी होतो आणि निळे पाणी भुरकट पिवळे दिसू लागते. युरोपातून आलेला प्रशियन निळा मात्र टिकाऊ होता, आणि १८३० च्या आसपास तो मुबलक मिळू लागल्यावर होकुसाई व हिरोशिगे यांच्या निसर्गचित्रांना बहर आला. काळ ठरवण्यासाठी रंगांच्या जोडीला शासकीय तपासनिसांचे शिक्के उपयोगी पडतात. १७९० पासून प्रकाशनाआधी मंजुरीचा शिक्का बंधनकारक झाला आणि पुढे त्याचे स्वरूप वेळोवेळी बदलले, त्यामुळे पुष्कळ चित्रांचा काळ थोड्या वर्षांच्या टप्प्यात आणता येतो.

१८५४ च्या तहानंतर जपानची बंदरे खुली झाली, १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात जपानी कला मोठ्या प्रमाणावर मांडली गेली, आणि जपानमध्ये जुना माल म्हणून पडून असलेली चित्रे फ्रान्समध्ये संग्रहाची वस्तू बनली. व्यापारी सिग्फ्रीड बिंग याच्या पॅरिसमधील दुकानातून व्हिन्सेंट व्हॅन गॉगने शेकड्यांनी स्वस्त चित्रे घेतली आणि १८८७ मध्ये हिरोशिगेच्या दोन चित्रांवरून तैलचित्रे केली. १८७८ च्या प्रदर्शनासाठी दुभाष्या म्हणून आलेला हायाशी तादामासा पुढे या व्यापारातील अग्रणी ठरला. त्याच्या हातून गेलेल्या निवडक चित्रांवरचा छोटा तांबडा शिक्का आज चित्राच्या पूर्वेतिहासाचा पुरावा मानला जातो.

मागणीबरोबर लबाडीही आली. कडा कापून डाग लपवणे, जुन्या चित्राचे ठसे नव्याने कोरून प्रती काढणे आणि, सर्वांत फसवे म्हणजे, फिकट पडलेल्या अस्सल प्रतीवर नव्या ठशांनी रंग चढवणे, असे प्रकार सुरू झाले. वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट हा मोठा संग्राहक आणि विक्रेताही होता. त्याने अमेरिकेत विकलेल्या काही चित्रांवर असा नवा रंग चढवल्याचे १९२० च्या सुमारास उघड झाले आणि त्याला त्याची भरपाई करावी लागली.

याच राइटने १९१३ मध्ये बॉस्टनच्या विल्यम आणि जॉन स्पॉल्डिंग या बंधूंसाठी जपानमध्ये खरेदी केली होती. स्पॉल्डिंग बंधूंनी १९२१ मध्ये आपली सुमारे ६,५०० चित्रे बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयाला दिली, ती दालनात कधीही मांडू नयेत या अटीवर. त्याच सुमारास, १९२० मध्ये, जहाजबांधणी उद्योजक मात्सुकाता कोजिरो याने पॅरिसचा जवाहिऱ्या आंरी व्हेव्हेर याच्याकडून जवळपास ८,००० चित्रे विकत घेतली. ती जपानला परतली आणि पुढे तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात दाखल झाली.

स्पॉल्डिंग बंधूंची अट सामान्य प्रेक्षकाच्या दृष्टीने कठोर होती, पण त्सुयुकुसाचा निळा व जांभळा मुळात कसा दिसत असे, हे अभ्यासकांना जाणून घेता आले ते याच संग्रहामुळे. इतर संग्रहालये आता मधला मार्ग काढतात : सुमारे ५० लक्सच्या मंद उजेडात चित्र थोडे आठवडे मांडायचे आणि मग काही वर्षे पेटीत विसावू द्यायचे. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात होकुसाईच्या लाटेची एक प्रत सुमारे २७.६ लाख डॉलरला गेली. त्या किमतीमागे चित्रकाराची कीर्ती आहे, तशीच ठशाची न झिजलेली रेषा आणि न उडालेला रंगही आहे, आणि या दोन्ही गोष्टींचे महत्त्व आधीच्या पिढ्यांतील संग्राहकांनी आपल्या हावेतून, चुकांतून आणि संयमातून हळूहळू ओळखले.