यादीतून गळलेली नावे

लोकशाहीचे आरोग्य मोजण्याची जी मापे रूढ आहेत, त्यांत मतदानाची टक्केवारी हे सर्वांत सोपे आणि म्हणूनच सर्वाधिक विश्वासाने वापरले जाणारे माप होय. निवडणूक संपताच आकडे जाहीर होतात, मागील आकड्यांशी त्यांची तुलना होते आणि वाढ दिसल्यास समाज जागृत, घट दिसल्यास उदासीन, असा निर्वाळा दिला जातो. परंतु टक्केवारी हा अपूर्णांक आहे आणि त्याच्या छेदस्थानी मतदारयादी असते, याचे भान या चर्चेत क्वचितच राहते. यादी कोणी केली, तीत कोणाला घेतले आणि कोणत्या नावाने घेतले, हे प्रश्न मतदानाच्या दिवसाआधीचे आहेत. भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या निमित्ताने त्यांचा विचार करावा, असे आम्हांला वाटते.

ऑक्टोबर १९५१ ते फेब्रुवारी १९५२ या काळात झालेल्या या निवडणुकीसाठी १७ कोटींहून अधिक मतदारांची नोंद झाली होती. १९५१ च्या जनगणनेनुसार देशातील साक्षरतेचे प्रमाण सुमारे १८ टक्के होते. स्त्रियांमध्ये ते ९ टक्क्यांच्या आसपास होते. म्हणून चिन्हे आली, प्रत्येक उमेदवारासाठी निराळी मतपेटी आली, बोटाला शाई आली. मतदान सुमारे ४५ टक्के झाले. या यशाचे गोडवे पुष्कळ गायले गेले आहेत आणि ते रास्तही आहेत. संविधान स्वीकारले जाण्याआधीच, १९४८ मध्ये, प्रौढ मताधिकाराच्या तत्त्वावर घरोघर फिरून याद्या करण्यास प्रारंभ झाला होता. ओर्नित शनी यांच्या २०१८ मधील ग्रंथाने या कामाचे महत्त्व विस्ताराने पुढे आणले. नागरिकाने अर्ज घेऊन सरकारच्या दारी जाण्याऐवजी सरकारच त्याच्या दारी गेले, ही घटना लहान नव्हे.

मात्र त्या दारात एक अडचण उभी राहिली. परक्या पुरुषाला स्वतःचे नाव सांगणे अनेक स्त्रियांना प्रशस्त वाटेना. त्या ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’, ‘फलाण्याची मुलगी’ एवढेच सांगत आणि नोंद करणारेही तेवढेच लिहून घेत. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांची भूमिका अशी की, नाव हा मतदाराच्या ओळखीचा अनिवार्य भाग आहे. त्याविना नोंद ग्राह्य नाही. नावे मिळवून याद्या दुरुस्त कराव्यात, न मिळाल्यास नोंदी वगळाव्यात, असा आदेश निघाला. बिहारमध्ये त्यासाठी महिनाभराची मुदतवाढही देण्यात आली. तरीही सुमारे ८ कोटी स्त्री-मतदारांपैकी २८ लाखांच्या जवळपास स्त्रिया यादीतून गळाल्या. अशा नोंदी मुख्यतः बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान आणि विंध्य प्रदेश या राज्यांतील होत्या.

या स्त्रियांनी मतदान केले नाही, असे कोणतीही टक्केवारी सांगत नाही. छेदातूनच त्या वजा झाल्याने त्यांची अनुपस्थिती आकड्यात उमटण्याचा प्रश्नच उरला नाही.

या प्रसंगाकडे केवळ रूढीचे प्रकरण म्हणून पाहणे अपुरे ठरेल. कोणाची तरी पत्नी म्हणून ओळख देणे ही सवय घरातली होती, तशीच ती कायद्यातलीही होती. १९३५ च्या कायद्याने मताधिकार मालमत्ता, कर व शिक्षण यांच्याशी बांधला होता आणि अनेक स्त्रियांना तो मिळाला तो पात्र पुरुषाची पत्नी किंवा विधवा म्हणून. ज्या नात्याने काल मत मिळाले होते, त्याच नात्याचा उच्चार केल्याने आज ते गेले. राज्यसंस्थेची व्याख्या बदलली होती. ती बदलल्याची वार्ता उंबरठ्याच्या आत पोहोचली नव्हती.

ज्या राज्यांत हा प्रश्न प्रामुख्याने उद्भवला, त्यांत मुंबई राज्य नाही. पण त्यावरून मराठी वाचकाने समाधान मानण्याचे कारण नाही. लग्नात मुलीचे नाव बदलण्याची चाल आपल्याकडे दीर्घकाळ होती आणि गावोगावी स्त्रीला मुलाच्या नावानेच हाक मारली जाई. ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ लिहिणाऱ्या रमाबाई रानडे माहेरच्या यमुना. मुंबई प्रांतात स्त्रियांना मर्यादित मताधिकार मिळाला तो १९२१ मध्ये, आणि त्यासाठीच्या चळवळीत याच रमाबाई अग्रभागी होत्या. आत्मचरित्र आणि मतदारयादी हे दोन अगदी भिन्न प्रकारचे लेखन. पण ‘मी कोण’ या प्रश्नाचे उत्तर नात्याच्या षष्ठी विभक्तीबाहेर जाऊन देण्याची अपेक्षा दोन्हींकडे स्त्रीकडून केली जाते.

इतर लोकशाह्यांची उदाहरणे पाहिली, तर छेदाचा हा प्रश्न भारतापुरता नाही हे दिसते. ऑस्ट्रेलियाने १९२४ मध्ये मतदान सक्तीचे केले आणि १९२२ मध्ये ६० टक्क्यांच्या खाली असलेले प्रमाण १९२५ मध्ये ९१ टक्क्यांवर गेले. हा आकडा सर्वत्र उद्धृत होतो. परंतु तेथील सर्व आदिवासींना राष्ट्रीय निवडणुकीत मताचा हक्क मिळाला तो १९६२ मध्ये. प्रत्यक्ष लोकशाहीची जन्मभूमी म्हणून गौरवल्या जाणाऱ्या स्वित्झर्लंडमध्ये संघीय पातळीवर स्त्रियांना मत मिळाले १९७१ मध्ये. तोवर तेथील टक्केवारी ही पुरुषांची टक्केवारी होती. अमेरिकेत नोंदणीचा भार नागरिकावर असे, आणि साक्षरतेच्या चाचण्यांच्या आडून कृष्णवर्णीयांना यादीबाहेर ठेवले जाई. १९६५ च्या मताधिकार कायद्यापूर्वी मिसिसिपी राज्यात जेमतेम ७ टक्के कृष्णवर्णीय प्रौढ नोंदलेले होते. दोन-तीन वर्षांतच ते प्रमाण ६० टक्क्यांच्या घरात गेले. एवढ्या अल्पावधीत लोकांची वृत्ती पालटली नव्हती. दार उघडले होते.

मग सेन यांचा निर्णय कसा जोखावा? तो अमेरिकेतील चाचण्यांच्या पंक्तीला बसवणे अन्यायाचे होईल. तेथे हेतू वगळण्याचा होता. येथे स्त्रीला स्वतंत्र मतदार मानण्याचा होता. नावे गळाल्यामुळे उठलेला गदारोळ इष्टच आहे, त्यामुळे पुढील निवडणुकीपर्यंत हा संकोच ओसरेल, असे सेन यांना वाटत होते. काळाने त्यांना पुष्कळसे खरे ठरवले. १९६२ मध्ये ६३ टक्के पुरुषांनी आणि ४७ टक्क्यांहून कमी स्त्रियांनी मतदान केले होते. २०१९ मध्ये लोकसभेच्या निवडणुकीत हे अंतर जवळजवळ मिटले. तरीही त्या तत्त्वाची किंमत कोणी मोजली, हे नजरेआड करता येत नाही. नाव विचारणारे बहुतांशी पुरुष होते, विचारण्याची पद्धत त्यांनी ठरवली होती आणि उत्तर न मिळाल्याची शिक्षा मात्र उत्तर न देणारीला झाली. दारात एखादी स्त्री कर्मचारी उभी असती, तर २८ लाखांतील किती नावे उच्चारली गेली असती, हे सांगण्याचे साधन आज आपल्याजवळ नाही.

नागरिकांच्या उदासीनतेविषयी बोलण्यापूर्वी यादीचे वाचन करावे, एवढाच आमचा आग्रह आहे. साहित्याच्या अभ्यासकाला गाळलेल्या मजकुराकडे लक्ष देण्याची सवय असते. मतदारयादीही त्याच सवयीने वाचली पाहिजे.